तापणारी पृथ्वी आणि घरातली वीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरावर सौर पॅनेलं लागली की येणारा-जाणारा दोन गोष्टी हटकून विचारतो: "खरंच परवडतं का?" आणि "तुमच्या एका घराने असा काय फरक पडणार?" माझ्या गच्चीवर पॅनेलं आली तेव्हापासून हे दोन्ही प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलेत की उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत असं वाटलं. पहिल्याचं उत्तर मीटर देतो. दुसऱ्यासाठी थोडं विज्ञान समजून घ्यावं लागतं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

पृथ्वी तापते म्हणजे नेमकं काय होतं?

सूर्याचा प्रकाश हवेतून फारसा न अडता जमिनीपर्यंत पोहोचतो. जमीन आणि समुद्र त्याने तापतात आणि ती उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात वर फेकतात. कोरड्या हवेतला ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा. हे दोन वायू त्या किरणांना अडवत नाहीत. अडवतात ते कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि पाण्याची वाफ. शोषलेली उष्णता ते सगळीकडे परत सोडतात, त्यातली काही खाली येते. हे वायू मुळीच नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास राहिलं असतं. म्हणजे त्यांचं असणं गरजेचंच आहे, अडचण आहे ती त्यांच्या वाढण्याची.

हे काही काल-परवाचं संशोधन नाही. १८५६ साली युनिस फूट या अमेरिकन संशोधिकेने काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सगळ्यांत जास्त तापलं आणि सावलीत आणल्यावर निवायलाही त्यालाच जास्त वेळ लागला. पुढे १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी उष्णतेचे किरण नेमके कोणते वायू शोषतात हे प्रयोगशाळेत मोजलं, आणि १८९६ मध्ये स्वांते अऱ्हेनियस यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित हाताने मांडलं. तेव्हा जगात विजेचे दिवेही मोजक्याच घरांत होते.

हवामान तर पूर्वीही बदलत होतं. यात माणसाचाच हात आहे हे कशावरून?

रास्त प्रश्न आहे. पूर्वी बदलायचं तेही कारणानेच. पृथ्वीच्या कक्षेत हजारो वर्षांत होणारे फरक, सूर्याचं कमी-जास्त तळपणं, ज्वालामुखी, अशी ती कारणं. आता तीच कारणं तपासली तर हिशोब जुळत नाही.

सूर्य जास्त तळपत असता तर वातावरण खालपासून वरपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा स्थितांबराचा थर थंड होतोय. उष्णता खाली अडकते आहे, त्याची ही खूण. दुसरी खूण कार्बनमध्येच आहे. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली होतं, त्यामुळे त्यातला किरणोत्सारी कार्बन-१४ कधीच संपला आहे. हा जुना कार्बन जाळून हवेत सोडला की हवेतलं कार्बन-१४चं प्रमाण विरळ होतं. हान्स स्यूस यांनी हे १९५०च्या दशकात झाडांच्या वाढीच्या वलयांत मोजून दाखवलं. वाढलेला कार्बन कुठून आला, ते अशा रीतीने त्या कार्बनवरच लिहिलेलं आहे.

आणि प्रमाण म्हणाल, तर चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर रोजची मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. आता ते ४२०च्या वर गेलेत. औद्योगिक क्रांतीपूर्वी हा आकडा २८०च्या आसपास होता. ध्रुवीय बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासले, तर गेल्या आठ लाख वर्षांत तो कधीही ३००च्या फारसा पुढे गेलेला दिसत नाही.

ज्वालामुखी आपल्यापेक्षा जास्त वायू सोडत असतील ना?

नाही. कोळसा, तेल आणि वायू जाळून माणूस वर्षाला ३,५०० कोटी टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून त्याच्या एक-दोन टक्केही भरत नाहीत.

एक-दीड अंशाने असं काय बिघडतं? दिवस-रात्रीत दहा अंशांचा फरक तर रोजच पडतो.

रोजचा फरक एका जागेचा असतो. दीड अंश ही सगळ्या पृथ्वीची, सगळ्या ऋतूंची सरासरी आहे आणि ती हलायला अफाट उष्णता लागते. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं, उत्तर अमेरिकेचा मोठा भाग किलोमीटरभर किंवा त्याहूनही जाड बर्फाखाली होता. तेव्हाची सरासरी औद्योगिक काळाआधीच्या सरासरीपेक्षा पाच-सहा अंशांनीच कमी होती. ते पाच-सहा अंश वर चढायला हजारो वर्षं लागली. आपण एक अंशाहून जास्त दीडशे वर्षांत चढवला, त्यातलाही बराचसा गेल्या पन्नास वर्षांत. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदींनुसार २०२४ हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचं सर्वांत उष्ण वर्ष, १८५०–१९०० या काळाच्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी जास्त. २०१५च्या पॅरिस करारातली दीड अंशाची मर्यादा एका वर्षापुरती नसून अनेक वर्षांच्या सरासरीची आहे, त्यामुळे ती ओलांडली असं अजून म्हणता येत नाही. पण आपण तिच्या उंबऱ्यावर उभे आहोत.

हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणून कोरडी जमीन आणखी सुकते आणि पाऊस पडतो तेव्हा कोसळतो. अडकलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्के समुद्राने पोटात घेतली आहे. तापलेलं पाणी फुगतं, त्यात वितळलेल्या बर्फाची भर. १९०० सालापासून समुद्राची पातळी साधारण २० सेंटिमीटरने वर आली आहे.

यात माझ्या घरातल्या विजेचा काय संबंध? माझ्या घरातून तर धूर निघत नाही.

धूर निघतो, फक्त दूर कुठेतरी. एका ओळखीच्या यंत्रावरून बघू. रोज शंभर लिटर पाणी गिझरमध्ये २५ अंशांनी तापवायचं तर सुमारे २.९ युनिट वीज लागते. वर्षाचे झाले १,०६० युनिट. हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या समितीने २०१४च्या अहवालात खाणीपासून राखेपर्यंतचा सगळा हिशोब धरून आकडे दिले आहेत: कोळशाच्या विजेमागे दर युनिटला मध्यम अंदाजाने ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतका वायू, छतावरच्या सौर विजेमागे ४१ ग्रॅम. म्हणजे एका घराची आंघोळ कोळशावर वर्षाला साधारण ८७० किलो वायू सोडते, उन्हावर ४३ किलो.

"कोळसा जळतो किलोभर, मग वायू त्याहून जड कसा?" असंही लोक विचारतात. जळताना प्रत्येक कार्बन अणू हवेतले दोन ऑक्सिजन अणू उचलतो. बारा ग्रॅम कार्बनला बत्तीस ग्रॅम ऑक्सिजन चिकटतो, झाले ४४ ग्रॅम. शुद्ध कार्बन एक किलो जाळला तर ३.६७ किलो वायू तयार होतो. वजनाचा मोठा भाग हवेतून आलेला असतो.

पण एका घराने काय होणार? कारखाने आधी बंद करा.

या प्रश्नामागची चीड मला कळते. मोठे निर्णय सरकारांनी आणि वीज कंपन्यांनीच घ्यायचे आहेत, घराघरांतल्या पॅनेलांनी त्यांची सुटका होत नाही. तरीही मी दोन कारणांनी ठाम आहे.

पहिलं, कार्बन डायऑक्साइड साचत जातो. आज सोडलेल्या वायूचा बराच भाग काही दशकांत समुद्र आणि झाडं शोषतात, पण उरलेला शेकडो वर्षं, त्यातला काही हजार वर्षांनंतरही, हवेतच असतो. त्यामुळे "आता खूप उशीर झाला" असा टप्पा नसतो. जो टन सुटला नाही, तेवढी वाढ टळली.

दुसरं कारण मला जास्त भावतं. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा पहिला कामाचा सौर घट दाखवला, तेव्हा तो पडलेल्या उन्हाच्या फक्त सहा टक्क्यांची वीज करायचा आणि इतका महाग होता की पुढे बरीच वर्षं उपग्रहांशिवाय फारसा कुणाला परवडला नाही. आजचं साधं पॅनेल २० ते २३ टक्के देतं. जगात बसवलेली एकूण पॅनेलं दुप्पट झाली की किंमत सुमारे २० टक्क्यांनी उतरते, असं गेल्या अनेक दशकांत सातत्याने दिसलं आहे. २०१० ते २०२० या दहा वर्षांत मोठ्या सौर प्रकल्पांतली वीज सुमारे ८५ टक्क्यांनी स्वस्त झाली. ही घसरण कुणीतरी आधी विकत घेतलं म्हणून झाली, आणि त्यात छतांवरची पॅनेलंही होती. २०२३ मध्ये जगातल्या विजेपैकी सुमारे ३० टक्के वीज पाणी, वारा, सूर्य अशा अक्षय स्रोतांतून आली.

पॅनेल बनवायला लागणारी ऊर्जा कधी वसूल होते?

बहुतेक ठिकाणी एक ते दोन वर्षांत. आयुष्य २५ ते ३० वर्षांचं.

सुरुवात पॅनेलपासून करू का?

नाही. सुरुवात मीटरपासून करा. वापर न बघता पॅनेलं बसवली की गळक्या टाकीत मोठा पंप लावल्यासारखं होतं.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी "३२०० इम्प" असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे तो ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. रात्री सगळे झोपल्यावर, फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबलेला असताना, घड्याळ लावून मिनिटभर मोजा. माझ्या घरी आठ वेळा लुकलुकला. आठ गुणिले साठ भागिले ३,२००, म्हणजे १५० वॅट, तेही सगळे झोपलेले असताना! मग एकेक प्लग काढत गेले. सेट-टॉप बॉक्स, कॉम्प्युटर आणि त्याचे स्पीकर, कधीपासून लागून राहिलेला एक जुना स्टॅबिलायझर, दोन-तीन चार्जर. लुकलुक चारवर आली. वाचलेले ७५ वॅट ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण वर्षाचे ते ६५७ युनिट होतात. पैसा एकही खर्च झाला नाही.

यानंतर दिवे, पंखे, फ्रिज. साठ वॅटच्या जुन्या बल्बएवढा उजेड नऊ वॅटचा एलईडी देतो. जुना फ्रिज किंवा एसी बदलायचाच असेल तर पॅनेलांच्या आधी बदला, म्हणजे पॅनेलंही कमी लागतील.

आणि मग? पाणी तापवणारा सोलर हीटर की वीज देणारी पॅनेलं?

गरम पाण्याचा वापर रोजचा असेल आणि जागा मोजकी असेल तर मी आधी हीटर म्हणेन. ऊन थेट उष्णतेत बदलणं सोपं, त्यामुळे चांगला हीटर पडलेल्या उन्हापैकी निम्म्याहून जास्त वापरतो. पाणी जड असेल तर मात्र नळ्यांत क्षार बसतात, हे घेण्याआधी बघा.

किती पॅनेलं लागतील?

वर्षभराची बिलं काढून रोजचे सरासरी युनिट काढा. एक किलोवॉटची पॅनेलं उन्हाच्या प्रदेशात रोज सरासरी चार युनिट देतात, ढगाळ किंवा ध्रुवांकडच्या प्रदेशात तीन किंवा त्याहून कमी. रोज आठ युनिट लागत असतील तर भरपूर ऊन असलेल्या जागी दोन किलोवॉट पुरतात. एका किलोवॉटच्या पॅनेलांना साधारण पाच चौरस मीटर जागा लागते. सपाट गच्चीवर दोन रांगांमधलं अंतर आणि जायला-यायला वाट धरली की दुप्पट समजा. तोंड विषुववृत्ताकडे, म्हणजे उत्तर गोलार्धात दक्षिणेला, आणि कल साधारण तिथल्या अक्षांशाइतका.

उन्हाळ्यात सर्वांत जास्त वीज मिळत असेल?

दिवस मोठा म्हणून मिळते, पण कडक उन्हाचा दिवस वाटतो तितका चांगला नसतो. पॅनेलला हवा असतो प्रकाश, उष्णता त्याला सोसत नाही. त्याची क्षमता २५ अंशांना मोजलेली असते आणि त्यावरच्या दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के घटते. भर दुपारी पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलं तर १२ ते १६ टक्के वीज तिथेच गेली. म्हणून पॅनेलं छताला चिकटवून बसवू नयेत, खालून वारा खेळायला जागा ठेवावी.

थोडीशी सावली चालेल ना?

इथे बहुतेक लोक फसतात. पॅनेलमधले घट एकापुढे एक माळेसारखे जोडलेले असतात, त्यामुळे एका घटावर सावली पडली की त्या माळेतला प्रवाहच अडतो. पॅनेलमधले बायपास डायोड सावलीतल्या भागाला वळसा घालून देतात, पण तेवढा भाग तर बाद होतोच. माझ्याकडे टाकीच्या एका पाइपची मनगटाएवढी सावली दुपारी तीननंतर दोन पॅनेलांवरून सरकायची. सावली जेमतेम हातभर, पण त्या दोन पॅनेलांचा आकडा तासभर तिसऱ्या हिश्श्याने खाली. पाइप वळवून घेतला. तुम्ही खरेदीआधी एक दिवस गच्चीवर काढा, सकाळी नऊ, बारा आणि तीनला फोटो घ्या. हिवाळ्यात सूर्य खाली असतो आणि सावल्या लांबतात, तेही धरा.

वीज गेली तरी माझ्या घरात दिवे राहतील?

बहुतेक घरांत बसणाऱ्या ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला (ग्रिडला) जोडलेल्या, यंत्रणेत नाही राहणार! वीज गेली की इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलांची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, मुद्दाम बंद होतो. तो चालू राहिला तर तुमच्या छतावरची वीज तारांत जाईल आणि खांबावर दुरुस्तीला चढलेल्या माणसाच्या जिवावर बेतेल. माझ्याकडे काम करणाऱ्याने हे आधी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा भर दुपारी लख्ख उन्हात घर बंद पडलं, तेव्हा पैसे पाण्यात गेले असंच वाटलं. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरी आणि तिच्यावरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो.

मग बॅटरी घ्यावीच का?

वीज वारंवार जात असेल, किंवा ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला फारच कमी मिळत असेल, तर घ्या. वीज क्वचितच जाते आणि नेट मीटरमध्ये (घेतलेल्या आणि ग्रिडला दिलेल्या विजेचा हिशोब ठेवणाऱ्या मीटरमध्ये) दिलेलं युनिट पूर्ण वळतं होतं, अशा घराला थांबता येईल. घेताना लिथियम आयर्न फॉस्फेटची बघा. ती शिसे-आम्लाच्या बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त वेळा चार्ज होते आणि तिच्यात पाणी घालावं लागत नाही.

गच्चीवर छोटी पवनचक्की कशी वाटते?

घरासाठी सहसा नको. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाने बदलते, वेग निम्मा झाला की शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. वस्तीतला वारा मंद आणि भोवऱ्यांचा असतो. मोकळ्या माळावर, उंच खांबावर गोष्ट वेगळी.

भाड्याचं घर आहे, छत आपलं नाही. मी काय करू?

मीटरची लुकलुक, दिवे आणि उपकरणं तुमच्या हातात आहेतच. त्यापुढे बरेच वीजपुरवठादार अक्षय स्रोतांची वीज निवडायची सोय देतात, ती चौकशी करा. काही ठिकाणी अनेक घरं मिळून दुसरीकडे सौर प्रकल्प उभारतात आणि वाटा बिलातून वळता होतो. इमारत सामायिक असेल तर लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांपासून विषय काढा. तो खर्च सगळ्यांचा असतो, त्यामुळे सगळे ऐकून घेतात.

पॅनेलं जुनी झाली की त्यांचा कचरा होणार, त्याचं काय?

चिंता खरी आहे. पॅनेलच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काच असतो, शिवाय ॲल्युमिनियमची चौकट, तांबं, थोडी चांदी. हे परत मिळवता येतं, पण तशी सोय अजून सगळीकडे नाही. सांधणीत थोडं शिसंही असतं, म्हणून फुटकं पॅनेल उकिरड्यावर टाकू नये. विकणाऱ्याला परत घेण्याबद्दल आधीच विचारा आणि लेखी घ्या. तुलना करायचीच तर कोळशाच्या राखेशी करा. ती पंचवीस वर्षांनी एकदा निघत नाही, रोज निघते.

बसवून झाली. आता काय बघायचं?

धूळ बसली की साध्या पाण्याने पहाटे किंवा संध्याकाळी धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. वॉशिंग मशीन, इस्त्री, पंप अशी कामं दुपारकडे सरकवा. इन्व्हर्टर साधारण दहा-पंधरा वर्षांत एकदा बदलावा लागेल, ते हिशोबात धरा.

आणि महिन्याचा आकडा लिहून ठेवा. इन्व्हर्टरचं ॲप मोबाइलवर असतं, पण ते सुरुवातीचे दोन महिनेच कौतुकाने उघडलं जातं. माझ्याकडे एका रांगेचा कनेक्टर सैल झाला आणि तीन आठवडे निम्मी पॅनेलं नुसतीच उन्हात उभी होती. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण दिवे लागत होते, फ्रिज चालू होता, कमी पडलेली वीज ग्रिडमधून गुपचूप येत होती. कळलं ते बिल आल्यावर. आता स्वयंपाकघरात कॅलेंडरवरच लिहिते: दर एक तारखेला, गेल्या महिन्याचे युनिट, आणि खाली कंसात गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचे.